चार नंबरची धुलाई

दगडखाणीच्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे चकाचकबाई म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते कुणाला आठवत नाही, पण बसलं ते कायमचं बसलं. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि ते फक्त कारकुनाच्या तोंडी यायचं. दिवसभर दगड वाहून पांढरेफटक झालेले ट्रक रॅम्पवर चढत, ते धुऊन काढायचे, हे तिचं काम. अकरा वर्षं ती ते करत होती. चाकाच्या नटांभोवती दात घासायचा ब्रश फिरवणारी बाई म्हणून तिची चेष्टा व्हायची.

"वहिनी, ट्रक धुताय की बाळाला न्हाऊ घालताय?" हेडमिस्त्री विचारायचा.

"बाळ बरं. ते एकदा धुतलं की तासभर तरी स्वच्छ राहतं," असं म्हणून ती पाइपाचं तोंड त्याच्या बुटांकडे वळवायची.

हेडमिस्त्री तिला वहिनी म्हणे, कारण तिचा नवरा त्याच खाणीत ड्रायव्हर होता आणि मिस्त्रीचा जुना सोबती. ड्रायव्हर मंडळी त्याला आस्तेकदम म्हणत. बावीस वर्षांत त्याच्या गाडीला ओरखडा गेला नव्हता. वळणावर हॉर्न, उतारावर कमी गिअर, पुढच्या गाडीपासून हातभर नव्हे तर चांगलं वीस हात अंतर. घरातही त्याचा हाच कारभार. त्याची आई, म्हणजे चकाचकबाईच्या सासूबाई, म्हणायच्या, "हा जन्माला यायलाही दोन दिवस उशीर करून आला. सुईण कंटाळून घरी गेली होती."

मग खाणीत नव्या गाड्या आल्या. दहा ट्रक, सगळे ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअरचा दांडा नाही. पायात दोनच पेडल आणि दोन्ही उजव्या पायाने दाबायची. जुन्या ड्रायव्हरांनी नाकं मुरडली. हेडमिस्त्रीने सगळ्यांना वर्कशॉपमध्ये गोळा करून समजावलं.

"दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल आहे. तेलच गाडी ओढतं. पण तेल घुसळलं की तापणार. भरलेली गाडी चढावर हळू चालते तेव्हा तर सगळ्यात जास्त तापणार. म्हणून ते नळीतून पुढे येतं, रेडिएटरच्या पुढे ही कूलरची जाळी आहे तिच्यातून फिरतं, वाऱ्याने निवतं आणि परत जातं. काटा नव्वदच्या आसपास राहिला तर खुशाल गाणी म्हणा. एकशे वीसला लाल दिवा. लाल दिवा लागल्यावर गाडी चालवणाऱ्याला मी ओळखत नाही."

चकाचकबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिला काही चालवायचं नव्हतं, पण यांतली एक गाडी नवऱ्याला मिळणार होती. त्याला चार नंबर मिळाली.

त्याच आठवड्यात रॅम्पवर प्रेशरची गन आली. कंपनीचा माणूस यंत्र जोडून, चालू करून, बंद करून निघून गेला. कसं वापरायचं हे त्याने सांगितलं नाही, आणि पाण्याने धुवायला शिकवणी कशाला, म्हणून तिनेही विचारलं नाही. पहिल्या दिवशी तिने गन कूलरच्या जाळीला लावली. दिवसभराची पांढरी पूड बघता बघता नाहीशी झाली आणि जाळी आरशासारखी चमकायला लागली. अकरा वर्षं ब्रश घासून दुखरा झालेला तिचा खांदा त्या दिवशी पहिल्यांदा घरी येऊन कुरकुरला नाही. त्यानंतर ती जाळी कधी चुकवायची नाही. बाकीच्या गाड्या दिवसातून एकदा धुवायची. चार नंबर मात्र दोनदा: दुपारी नवरा डबा खायला थांबला की एकदा, आणि संध्याकाळी एकदा.

सात महिन्यांनी चार नंबरचा काटा चढायला लागला. आधी शंभर, मग एकशे पाच. आस्तेकदमने मॅनेजरसाहेबांना तोंडी सांगितलं.

"उन्हाळा आहे," साहेब म्हणाले. "तुझं डोकंही तापतंच की."

इंजिनाचा काटाही थोडा वर असायचा. तोही उन्हाच्या खात्यावर गेला. आस्तेकदम जे करता येईल ते करत राहिला. चढाच्या तळाशी गाडी खालच्या गिअरात अडकवून ठेवायचा. पुढची गाडी थांबली तर अॅक्सिलरेटरवर तोलून न धरता ब्रेक लावायचा. वर पोचला की न्यूट्रलमध्ये पाच मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचा, म्हणजे तेल फिरून निवेल. त्याच्या फेऱ्या कमी भरायला लागल्या तशी बाकीचे हसायला लागले. "आस्तेकदम वर जाऊन गाडीला पंख्याने वारा घालतो," म्हणायचे.

अकराव्या दिवशी भर दुपारी चढाच्या मध्यावर लाल दिवा लागला. बाजूला घ्यायला जागा नव्हती, मागे तीन भरलेल्या गाड्या. तो वळणापर्यंत, म्हणजे दोनशे पावलं, तसाच गेला. तिथे गाडीने एक झटका दिला आणि इंजिन नुसतं ओरडत राहिलं. चाकं जागची हलेनात. जळक्याचा वास खाली रॅम्पपर्यंत आला. चकाचकबाईने मान वर करून पाहिलं, आणि कुठली गाडी ते तिला तिथूनच कळलं.

गिअरबॉक्स उघडला तेव्हा तेल काळं झालं होतं आणि आतल्या चकत्या कोळशासारख्या. गाडीच्या कॉम्प्युटरने सगळं नोंदवून ठेवलं होतं: अकरा दिवस तेल जास्त गरम. आस्तेकदमने सांगितलेलं मात्र कुठेच नोंदवलेलं नव्हतं. चौकशी अर्धा तास चालली. कूलर पुढून पाहिला. डाग नाही, धूळ नाही.

"चकाचकबाईंची धुलाई आहे साहेब, तिथे काय सापडणार?" मिस्त्री म्हणाला. त्याला वाटलं आपण वहिनींचं कौतुक करतोय.

मग दोष माणसाकडे आला. जुने ड्रायव्हर डावा पाय विसरत नाहीत, साहेब म्हणाले. क्लचची सवय. पाय नकळत ब्रेकवर टेकून राहतो, गाडी अडखळत चालते, तेल तापतं. पुस्तकात तसं लिहिलं होतं आणि ते खोटंही नव्हतं.

"माझा पाय नव्हता साहेब," आस्तेकदम म्हणाला.

"नकळत म्हटलं ना मी. नकळत म्हणजे तुला कसं कळणार?"

दुसऱ्या दिवसापासून त्याला गेटवर बसवलं. गाडी आली की दांडा वर, गेली की दांडा खाली.

तो घरी कुणाला काही बोलला नाही. आधीही फार बोलायचा नाही, पण आता त्याचं गप्प बसणं वेगळं होतं. खुर्चीत बसला की डावा पाय दुमडून मांडीखाली घ्यायचा आणि त्यावर बसून राहायचा. जेवताना, पेपर वाचताना, सासूबाईंच्या खाटेशी बसताना, कायम. बाईने पहिल्या आठवड्यात पाहिलं आणि पुढे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"पाय मुंग्यांनी खाल्ला तरी सोडणार नाही हा," सासूबाई म्हणाल्या. "अरे, शिक्षा झाली ती तुला. पायाला कशाला?"

"आई, कोण जाणे," तो म्हणाला. "असेलही टेकत. बावीस वर्षांची सवय."

बाईला हे सगळ्यात जास्त लागलं. साहेबांनी ठपका ठेवला तेव्हा तिने मनातल्या मनात साहेबांचे सगळे पूर्वज उद्धरले होते. पण नवऱ्यालाच आता स्वतःचा भरवसा राहिला नव्हता, आणि त्यावर कुणाला शिव्या घालायच्या ते तिला कळेना.

चार नंबरला नवा गिअरबॉक्स बसला, नवा ड्रायव्हर बसला. हा क्लच कधी न शिकलेला, त्याच्या डाव्या पायाला कसलीच सवय नव्हती. काटा पहिल्या दिवसापासून शंभरच्या वर. मग सात नंबरचा चढायला लागला, मग दोनचा, मग नऊचा. मिस्त्रीने तेल लवकर बदलून पाहिलं, दुसऱ्या जातीचं भरून पाहिलं, नळ्या फुंकून पाहिल्या. साहेबांनी चढावर थांबायची सक्ती केली. ज्यासाठी आस्तेकदमला हसायचे तेच आता सगळे ड्रायव्हर रांगेत उभे राहून करत होते. तरी काटा खाली येईना. त्याला गेटवरून मात्र कुणी परत बोलावलं नाही. एकदा लिहिलेला कागद फाडायला लिहिण्यापेक्षा जास्त हिंमत लागते.

असेच अकरा महिने गेले.

सात नंबरचा रेडिएटर गळायला लागला म्हणून मिस्त्रीने तो सोडवायला घेतला. कूलरचे चार बोल्ट काढले, जाळी पुढे झुकवली आणि जेवायची वेळ झाली म्हणून हात पुसत निघून गेला. खाली सांडलेलं पाणी पुसायला चकाचकबाईला सांगितलं होतं. ती फडकं घेऊन वाकली आणि वर बघितलं.

कूलर आणि रेडिएटर यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. पुढून ती कधीच दिसायची नाही. त्या फटीत जाळीच्या मागच्या अंगाला पांढरा थर बसला होता, गिलाव्यासारखा घट्ट. तिने नखाने उकरलं. तळहाताएवढा तुकडा सुटून हातात आला. त्याच्या एका बाजूवर जाळीच्या पट्ट्यांची बारीक छाप उमटलेली, आणि कडेला पाहिलं तर पापुद्र्यावर पापुद्रा.

ती उकिडवी बसून तो तुकडा बघत राहिली. समजायला फार वेळ लागला नाही. पुढची धूळ कुठे जात होती, असा प्रश्न तिने कधी स्वतःला विचारलाच नव्हता. गन लावली की पूड नाहीशी व्हायची. पण नाहीशी होऊन जाणार कुठे? पाणी तिला जाळीतून आरपार ढकलायचं, मागे तेलकट ओलावा असायचा, तिथे ती चिकटायची आणि इंजिनाच्या धगीने वाळून दगड व्हायची. एक धुलाई, एक पापुद्रा. वारा आत जायला वाटच राहिली नव्हती. ब्रश होता तोवर हे होत नव्हतं. ब्रश धूळ बाहेर काढायचा.

आणि चार नंबर ती दोनदा धुवायची.

वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. तुकडा खाली टाकला असता तर पाण्याबरोबर गेला असता. मिस्त्री परत येऊन उरलेला थर बघणारच होता, पण तो म्हणाला असता, खाण आहे, धूळ बसायचीच. पापुद्रे मोजायची बुद्धी त्याला झालीच असती असं नाही. बाईने तुकडा फडक्यात गुंडाळला आणि डब्याच्या पिशवीत ठेवला.

त्या संध्याकाळी घरी नवरा खुर्चीत बसला होता, पाय मांडीखाली. उठताना त्याने पाय सोडला आणि भिंतीला हात लावून उभा राहिला, रक्त परत येईपर्यंत. बाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

"काय गं?" तो म्हणाला.

"काही नाही," ती म्हणाली.

सकाळी तिने तुकडा मिस्त्रीच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मिस्त्रीने तुकडा उलटापालटा केला, वास घेतला, कडेचे पापुद्रे पाहिले. मग दार लोटून घेतलं.

"वहिनी, हे तुम्ही मला सांगितलं, बास झालं. आजपासून आपण बोल्ट सोडून मागून धुऊ. साध्या पाइपाने, आतून बाहेर. काटे खाली येतील. साहेबांना म्हणू, खाणीची धूळच वाईट. कुणी विचारणार नाही."

"आणि यांचा पाय?"

"त्याचं काय?"

"धूळ वाईट म्हटलं तर साहेब म्हणतील धूळही होती आणि पायही होता. दोन्ही राहील. ज्या गाडीची जाळी सगळ्यात आधी बुजली ती का बुजली, ते सांगितलं तरच पाय सुटतो."

मिस्त्रीने तुकडा परत टेबलावर ठेवला. "नोकरी जाईल तुमची."

"जाईल तर जाईल. खांदा तरी सुटेल," ती म्हणाली, पण आवाज तिचा तिलाच कोरडा वाटला.

आधी खात्री करून घ्यायची असं ठरलं. नऊ नंबरचा काटा त्या आठवड्यात एकशे दहाच्या खाली येत नव्हता. मिस्त्रीने तिचे चार बोल्ट सैल केले, कूलर झुकवला. बाईने साबणाचं पाणी मारून थर भिजू दिला आणि मग साधा पाइप धरला, मागून पुढे, हळूहळू. अर्धा तास रॅम्पवरून दुधासारखं पाणी वाहत होतं. मग मिस्त्रीने मागे बॅटरी धरली. जाळीच्या प्रत्येक फटीतून उजेड पुढे आला. दुसऱ्या दिवशी भरलेल्या नऊ नंबरने पूर्ण चढ न थांबता पार केला. काटा एक्क्याण्णव.

साहेबांच्या खोलीत बाई पहिल्यांदाच गेली. बसायला सांगितलं तरी बसली नाही. तिने तुकडा टेबलावर ठेवला, कुठे सापडला ते सांगितलं, कसा झाला ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "चार नंबर मी दोनदा धुवायचे. म्हणून ती आधी गेली. पाय नव्हता."

साहेबांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने नऊ नंबरचे आकडे पुढे केले.

"तुम्हाला गन अशी वापरायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"अशी वापरू नका असं?"

"तेही कुणी नाही."

साहेब तुकडा बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिले. जळलेला गिअरबॉक्स आणि अकरा महिने यांचा ठपका आता कुणावर तरी ठेवायला हवा होता, आणि समोर एकच माणूस आपणहून उभं होतं. आठ दिवसांनी दोन कागद आले. एकात आस्तेकदमवरचा ठपका मागे घेतला होता आणि त्याला गाडीवर परत यायला सांगितलं होतं. दुसऱ्यात बाईला लेखी ताकीद होती, हलगर्जीपणाबद्दल. गन कशी वापरायची ते न शिकवणाऱ्याबद्दल तिसरा कागद निघाला नाही.

घरी तिने साहेबांकडे जाण्याच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. ओरडला नाही.

"अकरा महिने मी माझ्या पायाला शिव्या घातल्या," तो म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. सासूबाईंच्या मार्फत निरोप यायचे: मीठ कमी आहे म्हणावं, किल्ली कुठे आहे विचार. तिसऱ्या दिवशी सासूबाई वैतागल्या. "मी काय पोस्टमन आहे? तुमचं तुम्ही बोला, नाहीतर मला तिकीट तरी लावा."

बाईला हसू आलं. त्याला आलं नाही, पण तो तिच्याकडे वळला.

"दोनदा का धुवायचीस?"

"तुमची होती म्हणून."

थोड्या वेळाने त्याने ताट पुढे सरकवलं आणि अजून भात मागितला, सरळ तिच्याकडे.

माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही आणि तिने विचारलंही नाही. गाडीवर परत जायला त्याने आठवडा घेतला. पहिल्या दिवशी त्याने आधी चार नंबरचा कूलर झुकवून घेतला, बॅटरी स्वतः धरली आणि तिला धुवायला लावलं. दुपारी तो डबा खायला आला तेव्हा ती दुसऱ्या गाडीखाली वाकली होती. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"ब्याण्णव," म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

रॅम्पवर पाटी लागली. मिस्त्रीने पाच कलमं लिहिली होती, त्यातलं एक होतं, "प्रेशर गन वापरू नये." बाईने ती वाचली आणि त्याला परत आणून दिली.

"चाकांना काय बिघडलंय? माझ्या खांद्याचा विचार करा की." मिस्त्रीने खाली लिहिलं, "चाकांस चालेल."

आणखी सहा वर्षं आस्तेकदमने चार नंबर चालवली. डाव्या पायाची सवय मात्र उरली. खुर्चीत बसला की अजूनही तो कधीमधी मांडीखाली जायचा, आणि सासूबाई काठीने टोचायच्या. त्या गेल्या तेव्हा टोचणारं कुणी राहिलं नाही.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी कंपनीने जुन्या गाड्या विकल्या. चार नंबर घ्यायला दुसऱ्या खाणीचा माणूस आला होता. आस्तेकदमने त्याला पुढे नेऊन चार बोल्ट दाखवले, फट दाखवली, आतून बाहेर कसं धुवायचं ते हाताने करून दाखवलं. माणूस घाईत होता. हो हो म्हणाला, किल्ली घेतली आणि निघाला. गाडी गेटमधून बाहेर पडली.

"त्याने ऐकलं नाही," बाई म्हणाली.

"नाही ऐकलं," नवरा म्हणाला. "थांब, मिस्त्रीला सांगू. पत्ता असेल त्याच्याकडे. लिहून पाठवतो."

आणि तो वर्कशॉपकडे निघाला, त्याच्या नेहमीच्या चालीने, आणि ती पुढे जाऊन त्याच्यासाठी थांबत थांबत.